डबीचा नैवेद्य

चहा घेता घेता ऐका. एका कासवापुढे मी कशी हरले, ते माझ्याच तोंडून ऐकलेलं बरं. शेजारच्या गोदूताईंकडून ऐकाल तर तिखटमीठ फार लागेल!

स्वराज्य मिळून पाचसहा वर्षं झाली असतील. आमचं टेंभी नाक्यामागे बैठं घर. माझे धाकटे दीर वसंतभाऊजी बोटीवर नोकरीला. एकदा पूर्वेकडच्या कुठल्याशा बंदरातून त्यांनी कासवाचं पिल्लू आणलं. पुरीएवढं! हात लावला की डोकं-पाय आत ओढून कवचाचं पुढचंमागचं दार असं लावून घ्यायचं, की जशी कुंकवाची डबीच. म्हणून नाव डबी.

आषाढात निघताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, बोटीवरच्या माणसाचं स्वतःचं असं काय असतं? ही एवढी डबी. दिवाळीला येतो, तोवर जपा."

जपा काय म्हणता! कासव म्हणजे साक्षात विष्णूचा अवतार. मी तिला थेट देवघरात तांब्याच्या परातीत बसवली. रोज दूधभात, वर साखर. गुरुवारी पेढा. आणि एकादशीला? साबुदाणा! देवाचा उपास मोडून कसं चालेल?

गणपती आले तोवर तिची पाठ मऊ पडली. बोट लावलं तर ओल्या पापडासारखी दबायची. डोळे सुजलेले, चालणं बंद. भाऊजींना काय तोंड दाखवू?

आमचे हे पेपरातून मान वर न करता म्हणाले, "देवाला अजीर्ण झालं असेल."

मी काय केलं असेल? नैवेद्यात तूप वाढवलं!

आणि काय आश्चर्य! हळूहळू डबी हिंडूफिरू लागली. पाठ घट्ट होऊ लागली. त्याच सुमाराला माझ्या सासूबाई, आमच्या माई, दुपारी दुसऱ्यांदा आंघोळ करू लागल्या. माईंचं सोवळं आधीच असं, की शेजारच्या कांद्याचं साल उडून आलं तरी घर पुसून घेतील. मला वाटलं, वयाबरोबर भक्ती वाढली.

मी गावभर सांगत सुटले, "सात्त्विक अन्नाचा गुण हो!" बायका डबीच्या दर्शनाला येऊ लागल्या. गोदूताईंची नात शकू तीन वर्षांची. मुडदुसानं पाय वाकलेले. गोदूताईंनी डोळ्यांत पाणी आणून विचारलं, "इंदूताई, आमच्या शकूची हाडं अशी घट्ट होतील का हो?"

"का नाही होणार? रोज इथे देवघरात बसवा तिला. दूधभात मी भरवते."

नवरात्रातलं हळदीकुंकू. घर बायकांनी भरलेलं. शकूला डबीशेजारी पाटावर बसवलं, मी तुपाची धार धरली, आणि माई उठल्या.

"इंदू, वाटी खाली ठेव. पोरीला आधी उन्हात ने."

"अहो माई, पण डबीला गुण आला ना..."

"तुझ्या तुपानं नाही आला! मुडदूस झालेल्या पोराला तेल चोळून कोवळ्या उन्हात निजवतात की अंधारात कोंडतात? तू दुपारची घोरायला लागलीस की मी डबीला परसात सोडते."

"बरं, ऊन झालं. पण खायला काय घालता?"

माईंनी पदर तोंडाला लावला. "अळवाखाली गोगलगायी असतात. शंखासकट खाते मेली, कुडुमकुडुम. गांडुळंही. मी हात लावत नाही हो! काठीनं दगड उलटते न् तोंड फिरवते. तिचं ती बघते."

"म्हणून दुपारची आंघोळ?"

"मग? पाप नको धुवायला?"

बायका अशा हसल्या, की कुंकवाचा करंडा लवंडला! मी मात्र हसावं की रडावं, या पेचात. ज्या बाईनं अंड्याचं टरफल कधी उंबऱ्यात येऊ दिलं नाही, ती भाऊजींच्या एवढ्याशा जिवासाठी रोज विटाळत होती.

मी हळूच विचारलं, "मला का नाही सांगितलंत?"

"तू इतक्या मायेनं पेढे वळायचीस. हिरमुसली असतीस."

सांगा, अशी सासू कुणाला मिळते? दुसऱ्या दिवसापासून शकूची चटईही आमच्या परसात पडू लागली. तेल चोळायचं काम मी मागून घेतलं.

दिवाळीला भाऊजी आले. डबीच्या पाठीवर टकटक करून बघितलं आणि मला वाकून नमस्कार केला! "वहिनी, काय घट्ट झालीय! काय घालत होतात खायला?"

मी माईंकडे पाहिलं. माई वाती वळत म्हणाल्या, "नैवेद्य ती दाखवायची. जेवण परसात व्हायचं."

तरी माझी खोड जाते का? सणाचा दिवस म्हणून दूधभाताची वाटी मी डबीपुढे सरकवलीच. डबीनं एकदा वाटीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुढचंमागचं दार लावून घेतलं!