म्हशीसाठी साडी

सरकीच्या पेंडीचा वास आला की मला एक हिरवी साडी आठवते. मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला होते. तिसगावकडच्या एका मावशींचं ऑपरेशन, बीपी उतरेना म्हणून दोनदा पुढे ढकललं होतं. आजारासोबत माणूसही बघा, असं आमच्या मॅडम शिकवायच्या, म्हणून मी लाजत पुस्तकी मराठीत विचारलं, "आपल्याला कसली चिंता वाटते?" "म्हशीची," मावशी म्हणाल्या. "माज्याबिगर कुनाला धार काढू देत न्हाई. माजी साडी नेसली तर देईल, पर ह्ये ऐकत्यात व्हय?" शेजारी उभे असलेले त्यांचे मालक म्हणाले, "गावात तोंड दाखवायचंय मला." एरवी माझा आवाज शेजारच्या खाटेपर्यंतही पोचत नाही, पण त्या दिवशी मी मावशींची पेंडीच्या वासाची, न धुतलेली हिरवी साडी पिशवीत घालून मालकांच्या हातात दिली. "काका, हे मावशींचं औषध आहे. सकाळ-संध्याकाळ." ते एकदम गंभीर झाले. "शिस्टर, जेवनाआदी का जेवनानंतर?" संध्याकाळी त्यांचा फोन आला. "दिलं दूध. पर निऱ्या लई सुटत्यात!" मावशी पोट धरून हसल्या. सकाळी बीपी उतरलेलं होतं. आता मी नोकरी करते. दाखल झालेल्या बाईची साडी धुवायला टाकण्याआधी घरी म्हैस आहे का, एवढं मात्र न लाजता विचारते.