व्हॅनचा सौदा रुमालाखाली

मला फसवलं ते हर्षदा नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं. तिला सामील होत्या तिच्या शाळेच्या म्हात्रे बाई. माझा ड्रायव्हर बाळू दारात उभा राहून सगळं बघत होता आणि गप्प बसला, म्हणून त्याचंही नाव इथं लिहून ठेवतो.

मी वाशीच्या फळबाजारात आंब्याचा दलाल. साताऱ्याहून आलो तेव्हा डोक्यावर पेट्या वाहिल्या, आज स्वतःचा गाळा आहे. मला कुणी काही फुकट दिलं नाही. मोरा बंदराच्या अलीकडे, खाडीकाठच्या एका गावात ऐकू न येणाऱ्या मुलांची छोटी शाळा आहे. तिथं अधूनमधून रविवारी न विकलेली फळं पोचवायचो. माझं समाजकार्य तेवढंच.

एका रविवारी बाईंनी विषय काढला. "शेठ, कानाच्या मशीनला एक साचा असतो. पोरांचे कान वाढले की तो सैल होतो, मशीन शिट्टी मारते, मग पोरं ती काढून डब्यात ठेवतात. नवे साचे नेरूळला करून मिळतात. पण पोराला तिथवर न्यायचं म्हणजे आईची दिवसाची मजुरी बुडते. तुमची व्हॅन रविवारी उभीच असते ना? नेरूळचे डॉक्टर रविवारी बघायला तयार आहेत."

"एकदा नेतो."

"एकदाच नेऊन कसं चालेल? डॉक्टर दर महिन्याला दोघातिघांचंच करतात."

"बाई, मी दलाल आहे, एसटी डेपो नाही."

बाई हसल्या. "मग सौदा करा. पण माझ्याशी नको, हर्षदाशी. तुम्हीच शिकवलंय ना यांना?"

शिकवलं होतं खरं. आमच्याकडे आंब्याचा भाव तोंडानं बोलत नाहीत. हातांवर रुमाल टाकायचा आणि आत बोटं दाबायची. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, पंजा दोनदा दाबला की दहा. शेजारी उभ्या माणसाला पत्ता लागत नाही. मला हे जमायला अख्खा सीझन गेला होता. या पोरांनी केळं खाऊन होईपर्यंत शिकून घेतलं.

मी खुर्चीत बसलो. समोर हर्षदा, बाकीचा वर्ग माझ्या मागे. रुमालाखाली एक बोट दाबलं, म्हणजे एक महिना. तिनं पंजा दोनदा दाबला. दहा! आंब्याचे दोन महिने सोडून अख्खं वर्ष! मी डोळे वटारले. या डोळ्यांना बाजारात भलेभले टरकतात. ती माझ्या खांद्यावरून मागेच बघत होती. मला वाटलं, घाबरली.

दोन म्हटलं, ती दहावर. तीन, तरी दहा. रागानं उठून जायचं नाटक केलं, तर तिनं जांभई दिली. शेवटी पाच दिले तेव्हा ती आठवर आली. दोन महिने वाचवले या खुशीत मी हात दाबून सौदा पक्का केला. मागे एकदम नाच सुरू झाला.

परतताना बाळू एकटाच हसत होता. फळं उतरवता उतरवता त्याला पोरांच्या खुणा कळायला लागल्या होत्या.

"काय रे?"

"शेठ, तुमी मान खाजवली की मागची पोरं तिला हातानं सांगायची, आता वाढवतोय, थांब. तुमी उठलात तवा सांगितलं, नाटक हाय."

"सगळ्यांनी?"

"अख्खा वर्ग वरडत हुता म्हणा की. फकस्त हातानं."

"मग तू का नाही बोललास?"

"रुमाल असताना तिसऱ्यानं बोलायचं न्हाय, तुमीच सांगता."

भर वर्गात माझ्या पाठीमागे माझं सगळं गुपित ओरडलं जात होतं, आणि मला ऐकू आलं नाही! बाईंना फोन लावला.

"सौदा रद्द! पोरं मागून बोलत होती."

"त्यांना गप्प बसा म्हणून तुम्ही कुठं सांगितलंत?"

पहिल्याच फेरीत हर्षदाचा साचा झाला. मशीन कानात नीट बसली, शिट्टी थांबली. परतताना ती बाळूशेजारी बसली आणि मी मागे, माझ्याच गाडीत. बाळूनं हॉर्न दिला. ती दचकली. कानाला हात लावला. मग बाळूचा हात बाजूला सारून स्वतः हॉर्न दाबला, तो दाबतच राहिली. सिग्नलला हवालदारानं गाडी बाजूला घ्यायला लावली.

"काय चाललंय हे?"

"साहेब, ऐकू येतंय का बघतीय ती," बाळू म्हणाला.

हवालदारानं तिच्याकडे बघितलं आणि खूण केली, आणखी एकदा वाजव. सरकारी माणूसही तिच्याच पार्टीत!

हर्षदाशी सौदा झाल्यापासून मी बाजारात भिंतीला पाठ लावूनच बसतो. पण त्या पहिल्या फेरीत गावात पोचेपर्यंत हॉर्न मेला तो मेलाच. म्हात्रे बाई, सौदा व्हॅनचा झाला होता, हॉर्नचा नाही. याचा जाब मला द्या. आणि तोंडानं द्या, हातानं नको.