ताटाची डावी बाजू

सांडोरच्या शत्रुघ्नदादांचा संसार उभा राहिला केळीच्या वाडीवर आणि मोडायला निघाला लोणच्यावरून. हसू नका. हंसावहिनींनी देवासमोर सांगून टाकलं होतं, "पुन्हा लोनचं वाढलं नाय म्हनालात तर चांदीपला भावाकडे जाईन. परत यायची नाय."

रोजचं असंच. दादा पानावर बसत आणि विचारत, "हंसे, लोनचं?"

"वाढलंय."

"कुठं?"

"डाव्या बाजूला. लोनचं काय उजवीकडे वाढतात?"

दादा मान वळवत, तर लोणचं हजर. "आत्ता टाकलंस," ते म्हणत. वहिनी चिडून आणखी एक फोड टाकत. होता होता ताटात डावीकडे लोणच्याचा डोंगर आणि मिठाचं आगर झालं, आणि दादा कोरडा भात गिळत म्हणत, "आपल्याच घरात डावं-उजवं होतं."

गावात वेगळाच बोभाटा. डावीकडून कोणी हात केला तर दादा सरळ पुढे. लोक म्हणाले, म्हातारा माजला. एका साखरपुड्यात तर रिकामी खुर्ची समजून ते व्याह्यांच्या मांडीवर बसले आणि वर म्हणाले, "गादी बरी हाय."

वहिनींनी त्यांना जितेशच्या चष्म्याच्या दुकानात धाडलं. दादांनी तक्त्याची शेवटची ओळ तर वाचलीच, खालचं छापखान्याचं बारीक नावही वाचलं. जितेश म्हणाला, "काका, घारीची नजर हाय. चष्मा कशाला?"

दादा विजयी मुद्रेने घरी आले. "बघ, डोले ठणठणीत. लोनचंच नसतं."

वहिनींनी पिशवी उचलली. दादा घाबरून मागोमाग अंगणात आले आणि फाटकाकडे बघून हाका मारू लागले, "हंसे, अगे हंसे, गेलीस काय खरंच?"

वहिनी त्यांच्या डाव्या कोपराला खेटून उभ्या होत्या. आधी त्यांना वाटलं, थट्टा करतायत. मग त्यांनी दादांचा चेहरा पाहिला आणि पिशवी खाली ठेवली.

"मी इथंच हाय," त्या म्हणाल्या. "चला, मोठ्या डॉक्टरकडे."

वसईच्या डॉक्टर सुमेधांनी घाई केली नाही. डोळ्यांतला दाब मोजला. मग दादांची हनुवटी एका मोठ्या वाडग्यासारख्या यंत्रात टेकवली. "आजोबा, समोर बघत राहा. कुठंही दिवा लुकलुकला की बटण दाबा."

बराच वेळ झाला. दादा म्हणाले, "डॉक्टरीणबाई, तुमचे डावीकडचे दिवे गेलेत. वायरमन बोलवा."

"सगळे लागतायत, आजोबा."

शेवटी थेंब घालून बाहुल्या मोठ्या केल्या आणि आतली नस पाहिली. मग खुर्ची पुढे ओढून त्या म्हणाल्या, "हा काचबिंदू. दाबानं नस मरते, कडेकडून, गुपचूप. मधली नजर उरते, म्हणून तक्ता वाचता येतो. तुमच्या डाव्या डोळ्याची बाहेरची बाजू गेली, उजव्याची नाकाकडची, म्हणजे दोन्हींची डावीकडचीच. गेलेलं परत येणार नाही. राहिलेलं थेंबांनी राखायचं, आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत."

दादा कुजबुजले, "म्हंजे ती रोज वाढत होती?"

डॉक्टरांना काही कळेना. दादांनी अख्खी मान डावीकडे फिरवली, अगदी वहिनी दिसेपर्यंत.

"राहिलेल्यात मी दिसते ना?" वहिनींनी विचारलं.

"दिसतेस."

"मग थेंब घालताना डोला मिटायचा नाय."

त्याच संध्याकाळी दादांनी ऐन वेळी मान फिरवली आणि थेंब कानात गेला. वहिनींनी कान पुसला, हनुवटी घट्ट धरली आणि दुसरा थेंब टाकला.