साल्किन शिकार ठरवते

साल्किन माझी धाकटी जाऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिला घोड्यावर धड बसता येत नव्हतं. आज आमच्या अत-बाशीच्या डोंगरात रानबोकडाच्या शिकारीला कुठल्या परदेशी पाहुण्याने यायचं आणि कुणी नाही, हे ती ठरवते. आधी शिकाऱ्यांच्या तंबूवर स्वयंपाकाला जायची. पाहुण्यांना वाढता वाढता जर्मन उचलली आणि सगळा धंदा आमच्या नवऱ्यांच्या हातून अलगद काढून घेतला. मी जळते का? थोडी जळते. पण ती फोनवर बोलायला लागली की हातातलं काम टाकून ऐकत बसते.

बंदुकीचे कागद आधी, चीनच्या हद्दीजवळ जायचा परवाना आधी, गप्पा नंतर, असा तिचा खाक्या. प्रत्येकाला वजन विचारते. एकजण अडखळला, तर म्हणाली, "लाजू नका, लग्न नाही जमवायचंय. घोड्याला सांगायचंय." शिकार नक्की मिळेल ना, असं कुणी विचारलं की म्हणते, "नक्कीच हवी असेल तर बाजारात मेंढी घ्या." तरी लोक येतात.

वोल्फ्राम मात्र घरचाच झालेला. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागातला सुतार, साठी उलटलेला, दोनदा येऊन गेलेला. यंदा तिसऱ्यांदा यायचं म्हणत होता, पण अट एकच: वाटाड्या म्हणून आमचे सासरेच हवेत. आणि गोची नेमकी तिथेच होती. मामंजींना दोन वर्षांपासून लांबचं दिसत नाही. घरात सगळ्यांना ठाऊक, पण बोलत कुणीच नाही. ज्यांचं नावसुद्धा आम्ही सुना तोंडाने घेत नाही, त्यांना 'तुमची नजर गेली' असं कोण सांगणार? आणि न सांगावं, तर शिकाऱ्याला 'झाड गोळी' म्हणणाऱ्या माणसालाच समोर काय आहे ते दिसत नाही.

त्या दिवशी फोन मुरंब्याच्या बरणीला टेकवून ठेवला होता. फोनच्या पडद्यावर वोल्फ्राम, समोर टोपी चढवून मामंजी, मधे दुभाषी साल्किन. मी चहा ओतत होते.

"सांग त्याला, सप्टेंबरात ये," मामंजी म्हणाले. "पार वरच्या कड्यांवर नेतो. पलीकडच्या डोंगरावरचा बोकड अलीकडून शिंगांसकट दाखवतो."

साल्किनने सांगितलं. तिकडून वोल्फ्राम छाती काढून काहीतरी बोलला.

"काय म्हणतो?"

"म्हणतो, कड्यावर धावत चढेन."

"शाब्बास!"

"कसलं शाब्बास, मामंजी? बसल्या जागी गुडघा चोळतोय तो." साल्किनने पेला खाली ठेवला. "तो एक थाप मारतो, तुम्ही एक मारता, आणि पाप माझ्या माथी. यापुढे मी नाही सांगणार."

मी डोळ्यांनी दटावलं, गप्प बस गं बाई. पण ती कुठली ऐकते!

"मी काय थाप मारली?" मामंजींचा आवाज चढला.

"तुम्हाला लांबचं दिसत नाही. मी त्याला गुपचूप जर्मनमध्ये सांगितलं असतं, तर तुम्हाला कळलंही नसतं. पण तुमच्या पाठीमागे तुमच्याबद्दल मी बोलणार नाही. म्हणून आधी तुम्हाला सांगतेय."

मामंजी माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुलाही ठाऊक होतं?"

मी मान खाली घातली.

"आणि तालायला?" तालाय म्हणजे साल्किनचा नवरा, डोंगरात त्यांच्याबरोबर जाणारा.

"गेल्या साली परवाना नराचा होता आणि तुम्ही मादीवर गोळी झाडायला सांगितलीत," साल्किन म्हणाली. "तालाय मुद्दाम खोकला, म्हणून कळप पळाला."

"मी हिवाळाभर त्याला त्या खोकल्यावरून शिव्या घातल्या."

"हो."

"आणि त्याने ऐकून घेतल्या."

"हो, मामंजी."

आवाज गेला की काय म्हणून वोल्फ्राम तिकडून हाका मारत होता. मामंजींनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मला रडू येत होतं आणि साल्किनचा संतापही. घरात इतकं खरं बोलायची गरज असते का?

"त्याचा गुडघा खरंच गेलाय का, विचार," मामंजी अखेर म्हणाले.

तिने सरळ विचारलं. वोल्फ्राम ओशाळून हसला. बायकोलाही सांगितलेलं नाही, म्हणाला. तिने येऊच दिलं नसतं.

"मग सप्टेंबर कशाला? नोव्हेंबरात बोलाव. बर्फ पडलं की बोकड आपण होऊन ओढ्यापर्यंत उतरतात. घोडा थेट तिथवर जातो, त्याला चढायला नको." मामंजींनी टोपी पुन्हा चढवली. "आणि हेही सांग, की तुझ्या वाटाड्याला दिसत नाही. दुर्बीण तालायकडे राहील, गोळी कधी झाडायची ते तोच सांगेल. तरी यायचं असेल तर ये."

साल्किनने सांगितलं. आमची ही तोंडाळ बाई, पण हे तिने एकेक शब्द जपून सांगितलं आणि मला तिचा फार अभिमान वाटला. वोल्फ्राम काहीतरी हळू बोलला.

"विचारतोय, मग तुम्ही काय करणार?"

"कुठे बघायचं ते मी सांगेन," मामंजी म्हणाले. "ते तालायला अजून येत नाही."