भानुमास्तरांचा श्वास

भवानी पेठेतल्या आमच्या शाळेत घड्याळ नव्हतं, म्हणून भानुमास्तर श्वास कोंडून वेळ मोजायचे. शनिवारी सकाळी एका मुलाला उभं करत, "क!" असं ओरडत आणि गाल फुगवून तोंड मिटून घेत. त्यांचा श्वास सुटेपर्यंत त्या मुलानं 'क'चे जमतील तितके शब्द सांगायचे. शब्दागणिक एक चिंचोका वाटीत पडे. मास्तर अंगानं भरलेले. चेहरा आधी लाल, मग जांभळा होई, डोळे बाहेर येत, आणि शेवटी "हुश्श" झालं की पुढच्या पोरांच्या टोप्या हलत.

पहिली ते चौथी एकाच खोलीत बसायची, त्यामुळे गंमत समोरासमोर दिसे. पहिलीतलं पोर "कावळा" म्हणे आणि दुसरा कावळा दिसायची वाट बघत खिडकीकडे तोंड करून उभं राही. दुसरीतली पोरं खाण्यावर तुटून पडत. कांदा, काकडी करत करंजीपाशी आली की तिथंच रेंगाळत. चौथीतली मात्र स्वयंपाकघर संपलं की बाजारात जात, बाजार संपला की काका-काकूंकडे शिरत. मास्तर खूश होऊन मांडीवर थाप मारत. मूळचे जेऊरचे, आनंद झाला की गावची बोली बाहेर पडे. "बगा, हे पोरगं मोठं झालं! हितं अडलं की शेजारचं दार वाजवतंय. शब्द समद्यांच्याच पोटात हायेत रं. बारक्याला जिना सापडत न्हाय, एवढंच."

माझ्या पोटातले शब्द तर तेलुगू होते. आमचं घर विणकराचं. घरात मराठी यायची ती फक्त गिऱ्हाइकाबरोबर. पहिलीत मला उभं केलं तेव्हा मी बराच वेळ पायाच्या अंगठ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोडी." वाटी सांभाळणारा चौथीतला मुलगा चिंचोका टाकेना. मास्तरांना बोलता येत नव्हतं, श्वास कोंडलेला. ते नुसते हात झाडत होते, टाक, टाक! हवा सुटल्यावर त्यांनी विचारलं, "कोडी म्हंजी काय गं, अंबू?" मी दोन्ही कोपरं हलवून पंख फडफडवले. "कोंबडी व्हय! मग पडू दे की चिंचोका. त्या कोंबडीला तरी कुटं ठाऊक हाय ती कंच्या भाषेतली?"

मी चौथीत गेले तोवर माझ्या वाटीत पंधरा चिंचोके पडू लागले होते. त्याच वर्षी मुख्य मास्तरांनी वर तक्रार केली, की भानुमास्तर कविता पाठ करून घेण्याऐवजी पोरांसमोर गाल फुगवून बसतात. चौकशीला शाळा तपासणारे दिपोटीसाहेब आले. मास्तरांची नोकरी जाणार, असं आम्ही ऐकलं होतं. खेळ दाखवायला मास्तरांनी मलाच उभं केलं आणि "क!" म्हणून गाल फुगवले.

भीतीनं माझी मराठी पार पळून गेली. "कणीस, कापूस," एवढं म्हणून मी अडले, आणि मग शेजारचं दार वाजवलं. "कोडी, कोती, कप्पा, कुक्का..."

"थांब!" साहेब म्हणाले. "कुक्का असा शब्दच नाही."

मास्तरांनी श्वास सोडला. "साहेब, कुक्का म्हंजी कुत्रा. हितं पेठेत तो रोज भुंकतोय की! वाटल्यास आपण एकदा खेळून बघावं. प!"

आणि मास्तरांनी गाल फुगवले. साहेब गोंधळून बोलू लागले, "पत्र. परिपत्रक. पगार. पेन्शन..." आणि अडकले. "परिपत्रक," ते पुन्हा म्हणाले. "ते झालं!" पहिलीतलं एक पोर ओरडलं. साहेबांना घाम फुटला. मास्तर जांभळे झाले तरी श्वास सोडेनात. तेव्हा मला कळलं, अडलेल्यासाठी मास्तर जास्त वेळ थांबत. पहिलीत माझ्यासाठीही असेच थांबले असणार. साहेबांच्या ओठांवर काहीतरी येत होतं आणि मास्तर डोळ्यांनी विनवत होते. अखेर "पापड!" असं साहेब आनंदानं किंचाळले आणि मास्तर धाडकन खाली बसले.

त्यांच्या तोंडावर पाणी मारायला स्वतः साहेब धावले. नोकरी वाचली. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, की खेळ चालू ठेवावा, मात्र शाळेला एक घड्याळ द्यावं. घड्याळ आलं. मास्तर त्याच्याकडे पाठ करून बसत. "त्याला काय दिसतंय, पोराच्या ओठावर काय आलंय ते?" म्हणत.

वर्षअखेरीस त्यांची बार्शीला बदली झाली. निरोपाच्या दिवशी माझी अम्मा हातानं विणलेलं उपरणं घेऊन शाळेत आली. तिनं ते मास्तरांच्या हातात ठेवलं आणि तेलुगूत भडाभडा बोलू लागली. हात नाचत होते, डोळ्यांत पाणी होतं. मास्तर गहिवरून मान डोलवत राहिले. मग हळूच मला म्हणाले, "काय म्हणत्यात गं?"

मी एका दमात सांगितलं, "अम्मा म्हणते, ही पोर आधी किती गुणाची, गप्प बसायची. आता पहाटेपासून बडबडते. बाप मागावर बसला की त्याचे धागे चुकतात, शेजारीण येईनाशी झाली, आणि सासरी हिला कोण ठेवून घेणार? तर जाण्याआधी हिला परत गप्प बसायला शिकवून जा."

मास्तरांनी ते उपरणं डोळ्यांना लावलं. ते हसत होते की रडत होते, कळेना.

"अम्माला सांग," ते म्हणाले, "ते काम मला जमायचं न्हाय. त्यासाठी मुख्य मास्तरांना भेटा."