माहेरच्या नावाला लागलेलं बक्षीस

मलेशियाची सहल मला लागली खरी, पण लागली ती माझ्या माहेरच्या नावाला. सगळा घोळ तिथेच झाला.

एका तेलुगू सिनेमाच्या जाहिरातीसाठी आदिलाबादच्या टॉकीजमध्ये स्पर्धा ठेवली होती. सिनेमाबद्दल तेलुगूत एक ओळ लिहायची आणि खाली नाव घालून पेटीत टाकायची. माझं माहेर आदिलाबादजवळच्या मावल्याचं, शाळा तेलुगूत झालेली. लग्न होऊन बेल्याकडे, मराठी बोलणाऱ्या गावात आल्यावर तेलुगू लिहायची वेळच आली नव्हती. कितीतरी वर्षांनी ती गोल अक्षरं काढताना हाताला शाळा आठवली आणि तो खाली शाळेतलंच नाव लिहून मोकळा झाला.

आमच्याकडे लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो. माझं नवं नाव सासूबाईंनी निवडलेलं. आधार कार्डही त्याच नावाचं. जुन्या नावानं कुणी हाक मारलेली त्यांना खपायची नाही. माझा भाऊसुद्धा फोनवर जपून बोलायचा.

टॉकीजचा मॅनेजर म्हणाला, दोन्ही नावं एकाच बाईची आहेत असा तहसीलचा दाखला आणा. नेमके तेव्हाच आमच्या जिल्ह्याचे चार तुकडे झाले होते. मंचेरियल वेगळा जिल्हा झाला, काही कारकून तिकडे गेले, उरलेले कागदांचे गठ्ठे बांधत बसलेले. खेटे घालून घालून माझ्या चपलेचा अंगठा तुटला. शेवटी मॅनेजरलाच दया आली. घरातल्या मोठ्या माणसानं टॉकीजवर येऊन तसं सांगावं, म्हणाला, पण आजच. उद्या बक्षीस दुसऱ्याला जाईल.

मोठं माणूस म्हणजे सासूबाईच, सासरे नव्हतेच. आणि सून एकटी परदेशात जाणार हे त्यांना पहिल्यापासून पसंत नव्हतं. तरी नवऱ्यानं मोटरसायकल काढल्यावर त्या मुकाट्यानं मागे बसल्या. मी ऑटोनं निघाले. त्यांनी नुसतं 'माहीत नाही' म्हटलं तरी सगळं संपलं असतं. मला जायचं होतं. कशासाठीही मी इतकी हपापले नव्हते, आणि त्याची मला लाजही वाटत नव्हती.

मॅनेजरनं चिठ्ठीवरचं नाव वाचलं. "अम्मा, ये नाम किसका है?"

नवरा "माय" म्हणाला, तर सासूबाईंनी हातानंच त्याला थांबवलं. मग माझ्याकडे वळल्या.

"काऊन जाऊन राह्यली तू एवढ्या दूर?"

खर्च काही नाही, सोबतीला बायका आहेत, अशी उत्तरं मी ऑटोत घोकली होती. निघालं ते वेगळंच.

"मी लिहिलेलं आवडलं त्याईले," मी म्हणाले. "म्हणून."

मॅनेजर घड्याळ बघू लागला. मग सासूबाईंनी माझं माहेरचं नाव घेतलं, अडखळत, जिभेला सवय नसल्यासारखं. मला एकदम रडू फुटलं.

"हेच नाव हाये तिचं," त्या मॅनेजरला म्हणाल्या. "तिच्या मायबापानं ठेवलेलं. दुसरं आमी ठेवलं. अंगठा कुठं लावू, सांगा."