हळद लागलेल्या पिना आणि मागून बोलणारा हिरो

थांबा, हे आत्ताच्या आत्ता सांगायलाच पाहिजे! आज कॉम्प्युटरच्या मागची वायर काढली तर बोटाला पिवळं लागलं, आणि मी एकटीच खी खी हसत बसले.

ही गोष्ट मी अकरावीत होते तेव्हाची. पप्पा सातपूरला एका कारखान्यात फिटर. त्यांनी कॉम्प्युटरला पाच स्पीकर आणि एक वूफर आणला. तीन पुढे, दोन मागे सोफ्याजवळ. मग काय, महिनाभर शिफ्टमधल्या लोकांना एकच गोष्ट सांगत होते, "हेलिकॉप्टर मागून येतं आणि डोक्यावरून पुढे जातं. मान खाली घालाल, बघा!" शेवटी दसऱ्याला दुपारी चारला तिघांना घरी बोलावूनच टाकलं.

आदल्या दिवशी खंडेनवमी. कारखान्यात मशिनांची पूजा करतात तशीच पप्पा घरीही करतात. पाने, स्क्रू ड्रायव्हर, आईचं शिलाई मशीन, माझी सायकल, आणि त्या वर्षी कॉम्प्युटर. सगळ्या वायरी काढल्या, पुसल्या, हळदीकुंकू लावलं, परत लावल्या.

दसऱ्याला तीन वाजता मी ट्रायल घेतली. पडद्यावर हिरो तोंड उघडतोय आणि आवाज येतोय सोफ्याच्या मागून! आई सोफ्यावर आपट्याची पानं निवडत होती, ती दचकून मागे वळली. "कोण आलं गं?"

मी लगेच मीडिया प्लेअरच्या सेटिंगमध्ये घुसले. प्लेअर काढला, परत टाकला. ड्रायव्हर काढला, परत टाकला. हिरो मागूनच. स्टिरिओ केलं तर हिरो गपचूप पुढे आला, पण मागचे दोन्ही स्पीकर बंद.

"पप्पा, आजच्यापुरतं असंच दाखवू?"

"आणि हेलिकॉप्टर? मागचे दोन काय शोभेला लावलेत? महिनाभर सांगतोय मी त्यांना!" पप्पांचा चेहरा एवढासा झाला. मला एवढं वाईट वाटलं ना!

तेवढ्यात बेल. तिघेही वेळेआधी! सोनं दिलंघेतलं आणि सगळे सोफ्यावर बसले. सिनेमा सुरू. हिरोईन समोर रडतेय, हुंदके मागून.

एक काका शांतपणे म्हणाले, "वहिनी, गॅलरीत कुणी रडतंय का बघा जरा."

दुसरे म्हणाले, "अहो फिटरसाहेब, मान खाली घालू का आता?"

पप्पा हसले, पण कान लाल. मग मला आठवलं की साउंड कार्डच्या सॉफ्टवेअरमध्ये खोलीचं एक चित्र आहे. त्यात ज्या स्पीकरवर क्लिक करू, त्यातून खरखर येते. मी पुढच्या मधल्यावर क्लिक केलं, खरखर मागून. मागच्यावर केलं, खरखर पुढून.

"पप्पा! प्लेअरचा दोषच नाही! वायरी उलट्या लागल्यात!"

"शक्यच नाही. काळ्या भोकात काळी, नारिंगीत नारिंगी. रंग बघून लावल्यात मी."

मी टॉर्च घेऊन टेबलाखाली शिरले, वायरी ओढल्या. हिरवी, काळी, नारिंगी, तिन्ही पिनांवर वाळलेली हळद आणि तिच्यावर भरपूर कुंकू. सगळ्या नारिंगी!

"पप्पा, कुठला रंग बघितला तुम्ही?"

पप्पांनी डोकं खाजवलं. "तेव्हा... अंदाजानेच लावल्या वाटतं."

तिघे काका सोफ्यावर आडवे पडून हसले. "कारखान्यातल्या मशिनांनाही असंच करता का हो?" आईने ओल्या फडक्याने पिना पुसल्या, काळी खरोखर काळी निघाली, आणि पप्पांनी स्वतः दोन वायरींची अदलाबदल केली. हिरवी नशिबाने बरोबर बसली होती.

मग मी हेलिकॉप्टरचा सीन लावला. आधी सोफ्यामागे नुसती घरघर. मग आवाज वाढला, वाढला, आणि डोक्यावरून भर्रकन पुढे! 'मान खाली घालू का' विचारणारे काका खरोखर खाली वाकले, हातातल्या बशीतला चहा पायावर सांडला.

पप्पा फक्त म्हणाले, "परत लाव गं." मी सात वेळा लावला!

आता दर खंडेनवमीला पप्पा आधी प्रत्येक वायरीला चिकटपट्टी लावून नंबर टाकतात, मग पूजा. पण पिनांना हळदीचं बोट लावायचं काही सोडत नाहीत.

खरं सांगा, पूजेनंतर तुमच्या घरातलंही काही असं उलटं चाललंय का कधी? की आमच्याच घरी?